टॅब आला म्हणून चुका गेल्या का?

परवा एक मित्र ठासून सांगत होता, आता आरोग्याचे सर्व्हे टॅबवर होतात, चुकांचा विषयच संपला. अर्धं खरंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत कागदाचे गठ्ठे सोडून छोटे कॉम्प्युटर घेतले. वय ३४० टाकलं की मशीन अडवतं, पुरुषाला बाळंतपणाचा प्रश्न येतच नाही, रेंज नसली तरी भरलेलं आत साठून राहतं. आमच्या जालन्याकडच्या वाड्या-तांड्यांवर हे शेवटचंच लई कामाचं.

पण सर्व्हेत प्रत्येक बाईला एक नंबर देतात, तो टाकतानाच चुकला तर? हिमोग्लोबिन ७.४ काय अन् ११.८ काय, दोन्ही आकडे शक्य आहेत, मशीन कामून अडवंल? एकीचं रक्त दुसरीच्या नावावर जातं अन् कुणाला पत्ता नाही.

आणि मराठीत हा घोळ जास्तच. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो, म्हणजे सात आधी ऐकू येतो अन् चार नंतर, त्यामुळं घाईत बोट ७४ दाबतं.

यावरचा इलाज मला भारी आवडतो. समजा नंबर ५३४७. आकड्यांना डावीकडून ५, ४, ३, २ नं गुणायचं: २५, १२, १२, १४, बेरीज ६३. आता ११ नं भाग जायला ३ कमी पडतात, तर तो ३ च शेवटी चिकटवायचा, नंबर झाला ५३४७३. सर्व्हेवाल्या ताईनं ५३७४३ टाकलं की शेवटचा ३ धरून बेरीज ६९ येते, भाग जात नाही, स्क्रीन लाल. ११ च का? कारण ती मूळ संख्या आहे. एक आकडा चुकला तर बेरीज बदलते ती फरक गुणिले वजन (म्हणजे त्या जागेला ज्यानं गुणलं तो आकडा) इतकी, अन् फरक ९ पर्यंतच, वजन ५ पर्यंतच, मग गुणाकारात ११ येणार कुठून? १० नं भागलं असतं तर वजन ५ अन् फरक २ चा १० होऊन चूक गुपचूप निसटली असती. कधी १० चिकटवायची वेळ येते, तेव्हा तो नंबर वापरायचाच नाही. (आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा पण असाच तपासनीस आहे, त्याची रीत वेगळी, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची.)

गाडीचा 'लकी' नंबर काढणारे नुसती बेरीज करतात. ५३४७ अन् ५३७४, दोन्हीची १९, म्हणजे शेवटी १ च. ज्या गणिताला आकड्यांची अदलाबदल कळत नाही त्याला तुमचं नशीब कळतं म्हणे, अन् लोक पैसे मोजतात.

एक भोक मात्र राहतंच. शेजारणीचा नंबर अगदी अचूक टाकला तर मशीन गप्प. म्हणून नाव पण विचारून घ्यायचं, अन् एका गल्लीत सुमन तिघी निघतात, मग नवऱ्याचं नाव. तिथं आजी पदर तोंडाला लावून नातवाकडं बघते, नातू ओरडून सांगतो अन् ताई टाइप करते.