पात्यांचा कोन कोण ठरवत होते?

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ विमानांविषयी एक समज वारंवार ऐकू येतो. 1940 साली इंग्लंडवर चालून गेलेल्या प्रत्येक मेसरश्मिट 109 विमानात प्रोपेलरचे नियंत्रण स्वयंचलित होते आणि वैमानिकाला त्याकडे लक्षही द्यावे लागत नसे, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हे खरे नाही. मुळात पात्यांचा कोन बदलावा का लागतो, हे समजले की स्वयंचलित नियंत्रणाचे मोलही कळते.

प्रोपेलरचे पाते हा फिरणारा पंखच असतो. सुमारे 3 मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर पात्याच्या पाऊण लांबीवरील बिंदू सेकंदाला सुमारे 175 मीटर वेगाने फिरतो. विमान ताशी 150 किलोमीटर वेगाने जात असताना या बिंदूवर येणारी हवा फिरण्याच्या प्रतलाशी सुमारे 13 अंशांचा कोन करते. वेग ताशी 500 किलोमीटर झाला की तोच कोन 38 अंशांवर जातो. पाते या हवेपेक्षा थोडेच अधिक कललेले असावे लागते. त्यामुळे जमीन सोडताना योग्य असलेला कोन वेगात निरुपयोगी ठरतो, आणि वेगासाठी बसवलेल्या पात्याला धावपट्टीवर हवा नीट कापता येत नाही.

मेसरश्मिट 109 च्या सुरुवातीच्या विमानांना स्थिर कोनाचा लाकडी प्रोपेलर होता. 1939 साली ई मालिका आली, तेव्हा व्हीडीएम या जर्मन कंपनीच्या तीन पात्यांच्या प्रोपेलरचा कोन विजेच्या मोटरने बदलता येऊ लागला. मात्र मोटर केव्हा आणि किती फिरवायची, हे वैमानिकच कळ दाबून ठरवत असे. घड्याळासारख्या तबकडीवरील काटे त्याला पात्यांची स्थिती दाखवत. सूर मारताना कोन वाढवायचा राहिला, तर इंजिनाचे फेरे धोक्याच्या मर्यादेपलीकडे जात. नोव्हेंबर 1939 मध्ये फ्रान्समध्ये हाती लागलेले आणि पुढे इंग्लंडमधील फार्नबरो येथे ब्रिटिशांनी तपासलेले ई-3 विमान याच प्रकारचे होते.

या कामातून वैमानिकाला मोकळे करते ते गव्हर्नरचे तत्त्व, आणि ते मला अतिशय सुंदर वाटते. शेतातील जुन्या डिझेल इंजिनावरचा गव्हर्नर अनेकांनी पाहिला असेल: फेरे वाढले की फिरणारी वजने बाहेर फाकतात आणि इंधन कमी होते, फेरे घटले की ती आत येतात आणि इंधन वाढते. तेथे भार शेतकऱ्याच्या पंपाचा असतो आणि गव्हर्नर इंधन बदलतो. विमानात नेमके उलट घडते, कारण तेथे गव्हर्नर भारच बदलतो. फेरे ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ लागले की पाती अधिक कलतात, हवा अधिक विरोध करते आणि इंजिन आवरले जाते. फेरे घटले की पाती सपाट होतात आणि इंजिनावरचा भार हलका होतो. सूर मारताना वाढणारा वेग आणि चढताना घटणारा वेग यांचा हिशेब ही यंत्रणा सतत करत राहते.

जर्मन अभियंत्यांनी यात एक वेगळी निवड केली. ब्रिटिश पद्धतीत वैमानिक फेऱ्यांचा आकडा स्वतंत्र दांड्याने निवडत असे आणि गव्हर्नर तो टिकवत असे. मेसरश्मिटमध्ये हा आकडा थ्रॉटलशी, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याशी, जोडला गेला, म्हणजे अधिक शक्ती मागितली की तिला योग्य असे फेरेही आपोआप ठरत. हे नियंत्रण ई मालिकेच्याच पुढील विमानांत येऊ लागले, आणि 1941 च्या सुरुवातीला तुकड्यांत दाखल झालेल्या एफ मालिकेत ते नेहमीचे झाले. हाताने कोन बदलण्याची सोय तेव्हाही ठेवलेली होती.

त्याच वर्षी फोके-वुल्फ 190 लढाईत उतरले. त्याच्या बीएमडब्ल्यू 801 इंजिनावरील कोमान्डोगेरेट नावाचे यंत्र पात्यांच्या कोनाबरोबर इंधन-मिश्रण, ठिणगीची वेळ, सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा) दाब आणि त्याचे गिअर एवढे सगळे एकाच दांड्यावरून सांभाळत असे. त्याला ‘काळाच्या पुढचा संगणक’ म्हणून गूढ वलय देणे मात्र अयोग्य आहे. तेलाचा दाब, कॅम आणि तरफा यांनी चालणारे ते यंत्र होते, आणि त्यातील प्रत्येक भागामागचे तत्त्व तेव्हाच्या अभियंत्यांना परिचयाचे होते. त्यांचे कौशल्य हे भाग एकमेकांशी जुळवण्यात होते. जून 1942 मध्ये एक जर्मन वैमानिक चुकून वेल्समधील पेम्ब्री येथे उतरला, तेव्हा हे विमान आणि त्याचे इंजिन ब्रिटिश अभियंत्यांना प्रथमच अखंड स्थितीत तपासता आले.