पूरकाळात आरोग्य शिबिर घ्यायचंय? बेळगाव जिल्ह्यात अर्ज कुणाकडे, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं की निपाणी-चिक्कोडी भागातले जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे पूल एकामागून एक बुडतात. कृष्णाकाठी येडूर, मांजरी, इंगळी, कागवाड तालुक्यातलं जुगूळ, मंगावती यांचीही तीच गत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये या पट्ट्यानं काय भोगलं ते इथं कुणाला सांगायला नको. दोन्ही वेळी तरुण मंडळं, डॉक्टर, औषध दुकानदार आणि पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली गावचीच मुलं धावून आली.

मदतीला माणसं कमी पडत नाहीत, मेळ कमी पडतो. डांबरी रस्त्यालगतच्या गंजी केंद्रावर (पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवारा केंद्रावर) एकाच दिवशी दोन-तीन शिबिरं लागतात आणि मळ्यात अडकलेल्या वस्तीवर तापाची गोळीही पोचत नाही. एखाद्या म्हातारीला वेगवेगळ्या शिबिरांत रक्तदाबाच्या वेगवेगळ्या गोळ्या मिळतात, आणि त्यातली एकही नोंद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे नसते. चौथ्या दिवशी जुलाबाची साथ उठली तर पहिला रुग्ण कुठल्या वस्तीतला, हेही कळत नाही.

मोठ्या आपत्तींत हाच घोळ टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या नेतृत्वाखाली २००५ पासून ‘हेल्थ क्लस्टर’ ही पद्धत वापरली जाते. कोण, कुठे, केव्हा आणि काय करतंय, याची एकच यादी सगळ्यांसमोर ठेवायची, हा तिचा गाभा. आपल्याकडे हे काम कायद्यानं जिल्हा प्रशासनाकडे आहे. तुमच्या मंडळाचं नाव त्या यादीत पाऊस सुरू होण्याआधी गेलं पाहिजे. पुढची सगळी माहिती त्यासाठीच आहे.

अर्ज कुणाकडे आणि केव्हा

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम २५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष, आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य. त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, ‘अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ असा पदाचा उल्लेख करून लिहावा. प्रती जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि तहसीलदार यांना द्याव्यात. चिक्कोडी विभागातल्या तालुक्यांनी आणखी एक प्रत चिक्कोडीच्या प्रांताधिकाऱ्यांना द्यावी. प्रत्येक ठिकाणी शिक्का, सही आणि तारखेची पोच घ्या. पूर आल्यावर तोंडी ‘सांगितलं होतं’ याला काही किंमत उरत नाही.

वेळ एप्रिल-मेची. याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे जिल्हा आपत्ती आराखड्याचा दर वर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करावा लागतो. त्याआधी पत्र पोचलं तर तुमचं मनुष्यबळ आराखड्यात धरता येतं. जुलैत पाणी दारात आल्यावर दिलेल्या पत्रावर फार तर ‘या’ किंवा ‘नको’ एवढंच उत्तर मिळतं. तरी उशीर झालाच असेल तर १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर आधी विचारा, कुठे जायचं ते तिथून ठरू द्या, आणि पत्र त्याच दिवशी पोचवा.

छापील नमुना हातात नसला तरी अडू नका. साध्या कागदावर मंडळाचं नाव, जबाबदार दोन व्यक्ती आणि त्यांचे फोन, डॉक्टर-नर्स किती, वाहन कोणतं, किती दिवस थांबू शकता, आणि स्वतःच्या जेवणा-मुक्कामाची सोय केली आहे का, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. आलेल्या पथकाचीच सोय केंद्रातल्या लोकांना करावी लागली, तर ती मदत राहत नाही. ‘अमुक गावीच जाऊ’ असं मात्र लिहू नका. ‘आरोग्य विभाग सांगेल तिथे’ असं लिहा. लांबची वस्ती पदरात घ्यायची तयारी दिसली पाहिजे.

पात्रता

रुग्ण तपासणं आणि औषध देणं हे वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांचंच काम. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आपापल्या पद्धतीपुरतं काम करावं. नर्स आणि फार्मासिस्ट यांचीही त्या-त्या परिषदेची चालू नोंदणी हवी. सीमेपलीकडून, म्हणजे कागल, मिरज, शिरोळहून येणाऱ्या आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या डॉक्टरांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. माणूस तोच आणि नदीही तीच असली, तरी राज्य बदललं की कागद बदलतात.

मंडळ नोंदणीकृत असेल तर उत्तम. नसेल तर स्वतंत्र शिबिराचा हट्ट सोडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा रेड क्रॉसच्या जिल्हा शाखेच्या हाताखाली काम मागा. नाव लागणार नाही, पण काम होईल. स्वयंसेवक १८ वर्षांवरचे असावेत, आणि पथकात किमान एक बाई हवीच. डॉक्टर किंवा नर्स असेल तर फारच चांगलं. केंद्रात पुरुषांनी भरलेल्या टेबलासमोर बसून कुठली लेकीबाळी अंगावरून जातंय म्हणून सांगणार?

कागदपत्रं

प्रत्येक डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्टच्या नोंदणी प्रमाणपत्राची आणि आधारची प्रत. मंडळाचं किंवा ट्रस्टचं नोंदणीपत्र आणि ठराव. खासगी दवाखाना पुढाकार घेत असेल तर कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ खालचं नोंदणीपत्र. वाहनाचं आरसी बुक आणि विमा, चालकाचा परवाना.

सगळ्यात जास्त लक्ष औषधांच्या यादीवर द्या. नाव, बॅच क्रमांक, संख्या, मुदत संपण्याची तारीख हे सगळं त्यात हवं. देणगीच्या औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा, की पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. घराघरांतून गोळा केलेल्या अर्ध्या पट्ट्या आणि उघडलेल्या बाटल्या घेऊ नका. प्रेमानं दिलेल्या असल्या तरी नाही म्हणा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) भीतीनं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सरसकट वाटायचंही टाळा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ते योग्य नाही, आणि कुणाला द्यायचं हे आरोग्य विभागालाच ठरवू द्या.

कचऱ्याची सोयही पत्रातच लिहा. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. भरलेलं सगळं कोणत्या दवाखान्यामार्फत जाणार, त्याचं संमतीपत्र जोडा. पूर ओसरल्यावर शाळेच्या मागे सुया सापडतात आणि तिथंच पोरं खेळतात.

अर्ज कोणत्या भाषेत

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जाणारच. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मांडताना त्या राज्यात किंवा देशाच्या कारभारात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं, म्हणजे मराठीतही. तरी शिबिराचं पत्र कन्नडमध्ये लिहून खाली मराठी मजकूर जोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री दहा वाजता ज्याला ते वाचून निर्णय घ्यायचा आहे, त्याला ते एका नजरेत कळलं पाहिजे. आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागायची असेल तर मात्र अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो. शुल्क १० रुपये, आणि कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत.

केंद्रात गेल्यावर मराठीचा आग्रह जरूर धरा. गोळी सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, हे रुग्णाला त्याच्या भाषेत चिठ्ठीवर लिहून द्या. सूचनाफलक कन्नड आणि मराठी दोन्हींत असावा. मदतीत लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्मावरून भेदभाव करू नये, असं आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ सांगतं. ते प्रशासनाला लागू आहे, आणि आपल्या पथकानंही ते स्वतःला लावून घ्यावं.

केंद्रावर गेल्यावर

पहिलं काम, नोडल अधिकाऱ्याला (केंद्राची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) भेटून परवानगीपत्र दाखवणं. मग आशाताईंना गाठा. कोण गरोदर आहे, कुणाची तारीख जवळ आली आहे, कोण क्षयाच्या गोळ्या घेतो, कुणाचं इन्सुलिन पाण्यात गेलं, कुणाला डायलिसिसची वेळ गाठायची आहे, ही यादी त्यांच्याकडे असते. ताप-खोकल्याच्या रांगेआधी ही माणसं बघा. यांचा एक दिवसही वाया जाऊ नये.

केंद्रात काय मिळायला हवं, हेही माहीत असू द्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांत माणशी ३.५ चौरस मीटर जागा, रोज किमान ३ लिटर पिण्याचं पाणी, ३० माणसांमागे एक शौचालय आणि बायकांसाठी वेगळी सोय सांगितली आहे. कमी दिसलं तर मोजून, लिहून अधिकाऱ्याला द्या. ३० च्या जागी शंभर माणसं एक शौचालय वापरत असतील, तर जुलाबावर शिबिराची औषधं पुरी पडणार नाहीत.

रोज संध्याकाळी एका पानाचा अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यायचा. गाव, वस्ती, तपासलेले रुग्ण, त्यात पाच वर्षांखालचे किती. जुलाब, ताप, तापासोबत कावीळ, सर्पदंश यांचे आकडे वेगवेगळे. एकाच वस्तीत जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले तर संध्याकाळची वाट न बघता फोन करा. रोग सर्वेक्षणाची सरकारी साखळी याच नोंदींवर चालते. रुग्णांची नावं आणि फोटो मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका.

आपल्या भागातला एक दुवा नेहमी निसटतो. कागवाड-अथणीचा रुग्ण मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, आणि त्याची नोंद तिकडेच राहते. तुम्ही कुणाला पलीकडे पाठवलंत तर त्याचं गाव, लक्षणं आणि दवाखाना आपल्या आरोग्य केंद्रालाही कळवा. मनानं खचलेल्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

शिबिर आटोपताना नोंदवही आणि शिल्लक औषधं आरोग्य केंद्रात जमा करून पोच घ्या, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना समाप्तीचं पत्र द्या. लेप्टोची लक्षणं दिसायला कधी कधी ३० दिवसही लागतात. म्हणून त्या पत्रावर महिनाभर उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या.