महागाईचा मूळ कल कसा ओळखायचा?

मे २०२१ मध्ये अमेरिकेचा वार्षिक महागाई दर ५ टक्के होता. अन्न आणि इंधन वगळलं तर ३.८ टक्के. आणि सगळ्या घटकांच्या दरवाढी चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारी दरवाढ पाहिली, तर जेमतेम २ टक्के. मग खरी महागाई किती?

व्याजदर ठरवताना मध्यवर्ती बँकांपुढे नेमका हाच पेच असतो. व्याजदरातल्या बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो. दोन-तीन महिन्यांत ओसरणाऱ्या भाववाढीसाठी दर वाढवले, तर तोवर भाववाढ गेलेली असते आणि फटका मात्र रोजगाराला बसतो. म्हणून टिकून राहणारी महागाई वेगळी काढावी लागते.

सर्वांत जुना उपाय म्हणजे चंचल किमती सरळ वगळणं. त्यातून मिळते ती गाभा महागाई. पण काय वगळायचं, यावर देशांचं एकमत नाही. जपानच्या रूढ ‘गाभ्या’तून फक्त ताजे अन्नपदार्थ बाहेर असतात, इंधन आतच राहतं. युरो क्षेत्रात ऊर्जा आणि अन्नासोबत दारू आणि तंबाखूही वगळतात. भारताच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांक-मालिकेत अन्न व पेयांचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, सुमारे ४६ टक्के होता. तिथे अन्न काढलं की निर्देशांकाचा जवळपास निम्मा भागच गेला! शिवाय जिथे मिळकतीचा मोठा वाटा जेवणावर जातो, तिथे अन्न महागलं की मजुरीही वाढवून मागितली जाते आणि मग ती भाववाढ तात्पुरती राहत नाही.

दुसरी पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. ती कोणत्याही वस्तूवर आधीच फुली मारत नाही. दरवाढी क्रमाने लावायच्या आणि दोन्ही टोकं छाटायची. ऑस्ट्रेलियात दोन्हीकडून १५-१५ टक्के भार छाटतात, कॅनडात २०-२०. छाटत छाटत अगदी मध्यापर्यंत गेलं की उरतो मध्यक, म्हणजे वरचा २ टक्क्यांचा आकडा. सगळ्या देशांना एकच नियम लावता येतो, हा तुलनेसाठी मोठाच फायदा.

पण टोकाची प्रत्येक उडी निरर्थक नसते. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत जुन्या गाड्यांसारख्या मोजक्याच गोष्टी भडकल्या होत्या आणि मध्यक शांत होता. पुढे भाववाढ सर्वत्र पसरली. जून २०२२ मध्ये एकूण दर ९.१ टक्क्यांवर गेला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६ टक्क्यांवर उतरला, तेव्हा मध्यक मात्र ७ टक्क्यांच्या आसपास होता. मध्यक उशिरा चढला आणि उशिराच उतरला.

छाटणीने न सुटणारी एक अडचण घरांची आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं ‘मानीव भाडं’, म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर द्यावं लागलं असतं ते भाडं, अमेरिकेच्या निर्देशांकाचा सुमारे चतुर्थांश भाग व्यापतं. युरो क्षेत्राच्या सामाईक निर्देशांकात ते धरलेलंच नाही. दोन्हीकडे घरभाडी इतर किमतींपेक्षा जास्त, पण एकमेकांइतक्याच वेगाने वाढली, तरी गाभा महागाई अमेरिकेचीच जास्त दिसेल.