कॅन बस दोषनिदान (जुन्या बांधकाम यंत्रांतील)

पोकलेन, व्हील लोडर, ग्रेडर, बॅकहो यांसारख्या यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीएम) ज्या दोन तारांवरून (कॅन बस; कॅन म्हणजे ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’) एकमेकांना संदेश पाठवतात, त्या तारांवरील संवाद तुटला किंवा अडखळला असता त्याचे मूळ शोधण्याची पद्धत. येथील विवेचन मुख्यतः एकदोन मालकांच्या हातून गेलेल्या यंत्रांविषयी आहे. नव्या यंत्रात तारा नकाशाबरहुकूम असतात. जुन्यात तसे धरून चालता येत नाही. (‘पोकलेन’ हे मराठीत उत्खनकाचे सामान्यनाम झाले असले, तरी मुळात ते एका फ्रेंच कंपनीचे नाव आहे.)

इतिहास : कॅन पद्धतीचे काम बॉश या जर्मन कंपनीत १९८३ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील एसएई या अभियंता-संस्थेच्या अधिवेशनात ती जाहीर झाली. इंटेलची ८२५२६ ही पहिली कॅन चिप १९८७ ची. ही पद्धत प्रत्यक्ष रस्त्यावर कोणत्या मोटारीतून प्रथम आली, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. काही लेखनात हा मान १९८८ च्या बीएमडब्ल्यू ८ मालिकेला दिलेला आढळतो. परंतु ही मालिका सप्टेंबर १९८९ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली, त्यामुळे १९८८ हे साल जुळत नाही. मर्सिडीझच्या डब्ल्यू १४० या मोटारीचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. तिच्याबाबतही काही ठिकाणी १९९१, तर काही ठिकाणी १९९२ असे साल दिलेले असते. मोटारीचे अनावरण आणि जाळ्याचा प्रत्यक्ष वापर यांतील फरकामुळे हे घडले असावे. मोटारींच्या आधी कापड उद्योगातील यंत्रे आणि लिफ्ट यांत कॅन वापरली जाऊ लागली होती, हे या वादात बहुधा विसरले जाते. आयएसओ ११८९८ हे कॅनचे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ चे.

अवजड वाहनांसाठी कॅनवर आधारलेल्या जे-१९३९ या मानकाचे पहिले भाग १९९४ मध्ये निघाले, पण त्यांना एकत्र बांधणारा मुख्य दस्तऐवज २००० चा आहे. म्हणून १९९८ चे यंत्र ‘जे-१९३९ च्या आधीचे’ ठरवणे चूक होय. त्या काळातील पुष्कळ यंत्रांत ९,६०० बिट वेगाची जुनी जे-१७०८ जोडी किंवा कंपनीची खासगी वाहिनी (उदा., कॅटरपिलरची कॅट डेटा लिंक) आणि कॅन एकत्र नांदतात. कोणती वाहिनी बिघडली आहे, हे आधी ठरवावे लागते.

रचना : जे-१९३९ च्या मूळ रूपात वेग सेकंदाला २,५०,००० बिट असतो. मुख्य वाहिनी ४० मीटरपर्यंत व तिच्या फांद्या १ मीटरपर्यंत लांब असतात. पिवळी तार ‘हाय’, हिरवी ‘लो’. दोन्हींना साधारण इंचाला एक पीळ. मुख्य वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. नऊ पिनांच्या गोल निदान-कपलरमध्ये ए ही अर्थ (अर्थिंग, म्हणजे ऋण जोडणी), बी ही बॅटरी, सी व डी या कॅनच्या पिना होत. काळा कपलर या वेगाचा, हिरवा दुप्पट वेगाचा.

निदान : बॅटरी तोडून सी आणि डी यांच्यामध्ये मीटर लावल्यास ६० ओहमच्या आसपास रोध मिळाला पाहिजे. १२० मिळाल्यास एक टोक गळाले आहे, ४० मिळाल्यास कोणीतरी तिसरा रोध घुसवला आहे, शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही यंत्रांत टोकाचा रोध नियंत्रकाच्या पोटातच असतो. तो नियंत्रक काढून ठेवला की १२० दिसणारच.

या ६० चा अर्थ मात्र सर्वांत जास्त वेळा चुकीचा लावला जातो. फांदीची तार तुटली, तरी मुख्य वाहिनीवर ६० च येतात आणि त्या फांदीवरचा नियंत्रक मुका राहतो. वाहिनी २४ व्होल्टला टेकली तरी हा आकडा बिघडेलच असे नाही. म्हणून चावी चालू करून अर्थच्या संदर्भात दोन्ही तारांचा विद्युतदाब घेतात : हाय २.५ व्होल्टच्या किंचित वर, लो किंचित खाली, बेरीज सुमारे ५.

नियंत्रकाने नोंदवलेले दोष-कोड वाचतानाही अशीच गफलत होते. त्यांत एसपीएन हा बिघडलेल्या घटकाचा आणि एफएमआय हा बिघाडाच्या प्रकाराचा क्रमांक असतो. ‘एसपीएन ६३९, एफएमआय ९’ याचा अर्थ वाहिनी क्रमांक १ वर अपेक्षित संदेश वेळेवर आले नाहीत, इतकाच. कोड नोंदवणारा नियंत्रक हा साक्षीदार असतो. आरोपी बहुधा दुसराच. तरीही तक्रार करणारा नियंत्रकच बदलण्याचा खर्चिक प्रघात आहे. कोणकोण गप्प आहे याची यादी करून त्या सगळ्यांचा सामाईक फ्यूज, सामाईक अर्थ किंवा सामाईक कपलर शोधणे अधिक फलदायी ठरते.

अधूनमधून येणारा दोष कठीण, याचे कारण कॅनच्या नियमांतच आहे. पाठवलेला संदेश बिघडला की नियंत्रकाचा चूक-गणक ८ ने वाढतो आणि २५५ ओलांडताच तो स्वतःला वाहिनीपासून तोडून घेतो. लागोपाठ ३२ चुका त्याला पुरतात. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे घडून जाते. काही नियंत्रक आपोआप परततात, काही चावी बंद-चालू केल्याखेरीज परतत नाहीत. मेकॅनिक येईपर्यंत तार पुन्हा जागेवर बसलेली असते, तार सलग असल्याचे सांगणारा मीटरचा बझरही वाजतो. अशा वेळी मीटर लावून ठेवून हार्नेस (तारांची जुडी) क्लॅम्पपाशी आणि कॅबिनखालच्या वळणावर हलवून पाहतात; शक्य असल्यास ऑसिलोस्कोप (विद्युतसंकेताचा आलेख दाखवणारे उपकरण) लावतात.

जुन्या यंत्रांत नेहमी सापडणारी कारणे म्हणजे उंदरांनी कुरतडलेली तार, धुलाईच्या पाण्याने कपलरमध्ये चढलेला हिरवा गंज, बॅटरी न तोडता केलेले वेल्डिंग, मध्येच टेपने जोडलेला पीळ नसलेला लाल तुकडा आणि वाहिनीला टोचून बसवलेला जीपीएस. दुसऱ्या यंत्रातून काढून बसवलेला नियंत्रक हा वेगळा प्रकार : तारा निर्दोष असतात, पण त्याचे सॉफ्टवेअर किंवा यंत्राची नोंद जुळत नाही. तेथे मीटर निरुपयोगी ठरतो; कॅट ईटी, कमिन्स इनसाइट यांसारखे कंपनीचे संगणकीय निदान-साधनच लागते.

भारत : चाकांवरील बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून बीएस सीईव्ही-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, सीईव्ही म्हणजे बांधकाम यंत्र-वाहने) आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे उत्सर्जन निकष लागू झाले. त्यामुळे बॅकहोसारख्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा प्रसार वाढला. ही यंत्रे आता जुन्या बाजारात येऊ लागली आहेत. बॅकहो साधारणतः १२ व्होल्टवर आणि मोठी पोकलेन २४ व्होल्टवर चालते, हे मोजमाप करताना ध्यानात ठेवावे लागते.