सातमाशी, अठमाशी आणि वायुकोशाचा पृष्ठताण

‘सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आजही घरोघरी खात्रीने सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. ते का चूक, हे कळायला फुप्फुसाच्या अगदी टोकाशी जावं लागतं.

श्वासनलिका दुभंगते, तिच्या फांद्या पुन्हा दुभंगतात, असं साधारण २३ वेळा. शेवटी येतात ते वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या. प्रौढ माणसात ते कोट्यवधी असतात, एकेक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. श्वासपटल खाली सरकलं की हवा आत येते, हे शाळेत शिकवतात. पण श्वास सोडल्यावर हे कोश चिकटून बसत का नाहीत?

वायुकोशाला आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात. हाच पृष्ठताण कोश मिटवू पाहतो. लाप्लासच्या नियमानुसार मिटवणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट! या हिशेबाने लहान कोशातली हवा शेजारच्या मोठ्या कोशात जाऊन लहान कोश मिटलाच पाहिजे. तो मिटत नाही, कारण त्याच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरतात. त्याचे रेणू साबणासारखे पाण्यावर पसरतात. कोश आकसला की ते दाटीवाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर उतरतो. त्रिज्या घटते त्याच क्षणी ताणही घटतो. इथे झडप नाही की मेंदूचा हुकूम नाही. मला तर शरीरात याहून देखणी यंत्रणा दिसत नाही.

गर्भात सर्फॅक्टंट साधारण २४व्या आठवड्यापासून बनू लागतो, पुरेसा साठतो तो ३५व्याच्या सुमारास. म्हणजे आठव्या महिन्यातल्या बाळाची बाजू सातव्यापेक्षा भक्कमच. सम-विषम महिन्यांचा फुप्फुसाला पत्ताही नसतो.

श्वास न पुरून दगावलेल्या अकाली बाळांच्या फुप्फुसांत हाच पदार्थ कमी असतो, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवलं. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने ३९ तासांत गेला. राष्ट्राध्यक्षाच्या बाळासाठीही तेव्हा औषध नव्हतं. १९८० मध्ये जपानचे डॉक्टर फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि ती बाळं सावरली.

आता आईलाच प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसं लवकर पक्व करता येतात. त्याचा पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या, तर महिना कोणता हे मोजत बसू नका. नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा.