गोठणबिंदू अवनमन: द्रावकाची निवड

द्रावकात पदार्थ विरघळवल्यावर गोठणबिंदू किती खाली गेला यावरून त्या पदार्थाचं मोलर मास (एका मोलचं वस्तुमान, ग्रॅममध्ये) काढताना कुठलं द्रावक घ्यायचं हा प्रश्न. मिठाच्या पाण्याचं असं खाली जाणं रिचर्ड वॉटसनने 1771 च्या सुमारास नोंदवलं होतं म्हणतात, पण घसरण विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात होते या नियमाचं श्रेय बहुतेक ब्लॅग्डेनलाच (1788) देतात आणि ते बरोबर वाटतं. मोलर मासपर्यंत तो नेला राउल्टने 1880 च्या दशकात.

अवनमन स्थिरांक, म्हणजे किलोभर द्रावकात एक मोल पदार्थामागे होणारी घसरण, जितका मोठा तितकी घसरण मोठी, म्हणून आधी तोच बघतात. पाण्याचा 1.86, बेंझीनचा 5.12, सायक्लोहेक्झेनचा साधारण 20. मोलर मास 200 असलेला 1 ग्रॅम पदार्थ 50 ग्रॅम सायक्लोहेक्झेनमध्ये टाकला तर घसरण 2 अंश, बेंझीनमध्ये जेमतेम अर्धा, म्हणजे साध्या थर्मामीटरवर वाचायची पंचाईत. हा फरक येतो कुठून, तर स्थिरांक वितळण्याच्या उष्णतेच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि घन सायक्लोहेक्झेनचे रेणू उणे 87 अंशांच्या वरच जागच्या जागी फिरायला लागलेले असतात, त्यामुळे 6.5 अंशांना वितळताना फारशी उष्णता लागतच नाही.

कापराचंही तेच. कार्ल रास्टने 1922 मध्ये कापराची पद्धत दिली, त्यात मिलिग्रॅमभर माल पुरतो आणि साधा थर्मामीटर चालतो. स्थिरांक मात्र कुठे 37.7 तर कुठे 40 छापलेला दिसतो. काहीजण याचं खापर कापराच्या शुद्धतेवर फोडतात, काहीजण म्हणतात द्रावण जरा तीव्र झालं की आकडा सरकतोच, आणि हे दुसरं जास्त पटतं, पण कुठलंही खरं असलं तरी छापील आकडा न घेता माहीत असलेल्या पदार्थावर, नॅफ्थलीन वगैरे, आपल्याच बाटलीतल्या कापराचा स्थिरांक काढून घ्यावा. कापूर 178 अंशांच्या आसपास वितळतो, तेवढ्या उष्णतेत विघटन होणारे पदार्थ बाद.

बाकी पदार्थ नीट विरघळायला हवा आणि द्रावकाशी अभिक्रिया नको. बेंझीनमध्ये बेंझोइक आम्लाच्या जोड्या बनतात, मग 122 च्या जागी 240 च्या आसपास उत्तर येतं. मीठ पाण्यात आयनांमध्ये फुटतं, म्हणून त्याचं उत्तर साधारण निम्मं येतं. गोठताना फक्त द्रावकाचेच स्फटिक पडले पाहिजेत, बेंझीनमध्ये थायोफीन (बेंझीनसारख्याच आकाराचा गंधकयुक्त पदार्थ) असेल तर तो घनातही शिरतो आणि गणित कोसळतं. बेंझीन कर्करोगकारक, त्यामुळे शिकवण्याच्या प्रयोगात सायक्लोहेक्झेनच बरं, फक्त त्यात थोडी जरी भेसळ असली तरी गोठणबिंदू हलतो, म्हणून कोऱ्या द्रावकाचा गोठणबिंदूही त्याच थर्मामीटरने मोजायचा.