कळतं पण वळत नाही, त्यामागचं गणित

नवीन वर्ष लागलं की एक मेसेज हमखास फिरतो, आणि गुढीपाडव्याला तोच पुन्हा नटूनथटून येतो. इच्छाशक्ती हा मनाचा स्नायू आहे, रोज व्यायाम दिला की तो बळकट होतो, आणि २१ दिवस नेम पाळला की कोणतीही सवय अंगी भिनते. वाचायला छान वाटतं. पण यातला पहिला दावा गेल्या काही वर्षांत जवळजवळ कोसळला आहे, आणि दुसरा कधी उभाच नव्हता.

दुसऱ्याचा निकाल आधी लावू. हे २१ दिवस आले मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढे ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला, उरला तो आकडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोजची एकेक छोटी सवय लावून घ्यायला सांगितली. त्यांचा २०१० सालचा निष्कर्ष असा की सवय आपसूक घडू लागायला मध्यक ६६ दिवस लागतात (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसामाणसांत हा अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला आहे. म्हणजे नव्याचे नऊ दिवस संपून गाडी रखडली, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता स्नायूकडे. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या गटाने उपाशीपोटी आलेल्या विद्यार्थ्यांना ताज्या चॉकलेट कुकीजच्या घमघमाटात बसवलं. काहींना कुकीज खायला दिल्या, काहींना सांगितलं की तुम्ही फक्त मुळे खायचे. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. कुकीजवाल्यांनी सुमारे १९ मिनिटं झुंज दिली, मुळेवाल्यांनी आठेक मिनिटांत हात टेकले. मोह आवरण्यात त्यांची शक्ती खर्च झाली, असा अर्थ लावला गेला. मग ही शक्ती म्हणजे रक्तातली साखर, असाही दावा आला. पण साखरेच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकली तरी तोच फरक दिसतो, असं २०१२ साली एका गटाने दाखवलं आणि इंधनाची कल्पना डळमळली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर या थकव्याची एकत्र तपासणी केली. परिणाम जवळपास शून्य. २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळांनी वेगळ्या पद्धतीने पुन्हा पाहिलं. आकडा तसाच नगण्य. डाव्या हाताने दात घासा, ताठ बसा, म्हणजे मन कणखर होईल, हे सल्ले याच सिद्धांताच्या पोटी जन्मले. त्यांचा जो थोडाफार फायदा दिसला तो मुख्यतः छापून आलेल्या प्रयोगांत. न छापलेल्यांत तो आणखी कमी होता.

तरीही ‘मनोबल वाढवणारी’ पावडर विकली जाते, आणि काही वर्षांपूर्वी पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिडब्रेन’ जागृत करणारे वर्ग गावोगावी निघाले होते, त्यांचे नवे अवतार अधूनमधून भेटतातच. असो.

मग रात्री अकरा वाजता नक्की काय बिघडतं? सकाळी सहाला फिरायला जायचं ठरलेलं असतं. ठरवणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच जायचं असतं. तोच माणूस अकराला मालिकेचा आणखी एक भाग लावतो. मधल्या काळात नवी माहिती काहीच आलेली नाही, तरी पसंती उलटली. मला या सगळ्या विषयात हे उलटणंच सर्वांत विलक्षण वाटतं, आणि त्यासाठी थोडी आकडेमोड करायची माझी तयारी आहे. तुमचीही असावी.

पुढे मिळणाऱ्या गोष्टीची किंमत आज कमी वाटते, इथवर कुणाचं दुमत नाही. प्रश्न आहे ती कशी कमी होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला माणूस घसारा लावतो: दर तासाला ठरावीक टक्के. समजा मालिकेच्या भागाला ५० गुण, सकाळच्या फेरफटक्याला १००, आणि दोहोंमध्ये सात तासांचं अंतर. तासाला ५ टक्के घसाऱ्याने फेरफटक्याचे सात तासांत सुमारे ७० गुण उरतात. ७० विरुद्ध ५०, फेरफटका जिंकला. दुपारी विचारा, आठवडाभर आधी विचारा, दोन्ही आकडे एकाच प्रमाणात घटतील, त्यामुळे निकाल बदलणार नाही. घसारा १० टक्के असेल तर उरतात सुमारे ४८, आणि मालिका जिंकते, तीही कायमची. असा माणूस आळशी असेल किंवा उद्योगी, पण त्याला पश्चात्ताप ठाऊक नसेल.

खरी माणसं, आणि कबुतरं व उंदीरसुद्धा, वेगळ्या सूत्राने चालतात. जॉर्ज एन्सली या मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकात त्यामागची कल्पना पुढे आणली. सूत्राचं नेहमीचं रूप असं: किंमत म्हणजे बक्षीस भागिले (१ + क × वेळ). वेळ भाजकात बसल्यामुळे आलेख अपास्ताच्या, म्हणजे हायपरबोलाच्या आकाराचा होतो. ‘क’ हा ज्याच्या त्याच्या उतावीळपणाचा आकडा. आपण तो ताशी अर्धा धरू.

रात्री अकरा: मालिका आत्ताच मिळते आहे, म्हणून पूर्ण ५०. फेरफटका सात तास दूर, म्हणून १०० भागिले ४.५, म्हणजे सुमारे २२. मालिकेचा दणदणीत विजय. आता त्याच दिवशी सकाळी अकराला चला. मालिका १२ तास दूर: ५० भागिले ७, सुमारे ७.१. फेरफटका १९ तास दूर: १०० भागिले १०.५, सुमारे ९.५. फेरफटका पुढे! मग पारडं फिरतं कधी? दोन्ही किमती सारख्या मांडून समीकरण सोडवलं की उत्तर येतं अकराच्या आधी पाच तास. संध्याकाळी सहा. त्या क्षणी दोन्हींची किंमत १४.३ असते. सहाच्या आधी तुम्ही फिरायला जाणारे असता, सहानंतर मालिका बघणारे.

असं होतं, कारण अपास्ताचा उतार सगळीकडे सारखा नाही. शून्य तासावरून एक तास लांब गेलं की किंमत एकतृतीयांशाने पडते, पण बारा तासांवरून तेरावर गेलं तर फक्त एकपंधरांशाने. गावात शिरताना दुरून पाण्याची उंच टाकी आधी दिसते. रस्त्याकडेचं दुमजली घर जवळ आलं की तेच टाकीला झाकून टाकतं. टाकी तिथेच आहे, तेवढीच उंच.

‘क’ मोजताही येतो. आज ५०० रुपये की महिन्याने ८००, असे प्रश्न रक्कम बदलत विचारत गेलं की तो सापडतो. सिगारेट ओढणाऱ्यांचा सरासरी ‘क’ न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघतो. मात्र त्याला लगेच चारित्र्याचं माप समजू नये. वाट पाहणं शहाणपणाचं आहे की नाही, हे वचन देणाऱ्यावरही अवलंबून असतं. मार्शमॅलो या मऊ गोळीची परीक्षा अनेकांनी ऐकली असेल: थांबलास तर एकाऐवजी दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात जास्त यशस्वी होतात, असं त्यावरून सांगितलं जाई. २०१३ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये सेलेस्ट किड यांनी या परीक्षेआधी काही मुलांना मोठ्यांनी शब्द मोडल्याचा अनुभव दिला. ती मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती बारा मिनिटं. आणि ९०० हून जास्त मुलांच्या २०१८ सालच्या अभ्यासात घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर, थांबणं आणि पुढचं यश यांचा गाजलेला संबंध सुमारे एकतृतीयांशच उरला. ज्याच्या ताटातलं उद्या राहीलच याची खात्री नाही, त्याने आज खाणं हा दुबळेपणा म्हणता येत नाही.

सूत्रातून उपाय मात्र सरळ निघतो. अकराला झगडायचं नाही; सहाच्या आत काहीतरी करून ठेवायचं. हे कबुतरालाही जमतं. हॉवर्ड रॅक्लिन आणि लेनर्ड ग्रीन यांनी १९७२ मध्ये कबुतरांपुढे पर्याय ठेवला: आत्ता दोन सेकंद दाणे, किंवा चार सेकंदांनी चार सेकंद दाणे. कबुतरं लगेचच्या दाण्यांवर तुटून पडत. पण निवडीची वेळ १६ सेकंद लांब असताना त्यांना एक जादा बटण दिलं, जे दाबलं की पुढे फक्त मोठ्या बक्षिसाचीच वाट उरते. तेव्हा त्यांनी ते बटण पसंत केलं. स्वतःच्या पायात स्वतःच बेडी.

चेन्नईत फ्रँक शिल्बाख यांनी २२९ सायकलरिक्षावाल्यांसोबत तीन आठवडे काम केलं. दिवसा दारू न पिता आलं तर जास्त पैसे, अशी योजना त्यांतल्या एका गटाला दिली. त्या गटाची बचत सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. मला जास्त आवडलं ते पुढचं: निम्म्याहून जास्त जणांनी स्वतःचं नुकसान सोसून अशी अट मागून घेतली. आपल्याकडे हे कुणी प्रयोगशाळेतून शिकवलं नव्हतं. उडुपीच्या टी. एम. ए. पै यांच्या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. आज महाराष्ट्रातल्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतात. व्याज फारसं नसतं, मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी उलट फटका बसतो. हिशेबी माणूस विचारेल, मग घरच्या डब्यात का नाही टाकत? डबा रात्री अकरालाही उघडतो, म्हणून. भिशीही तेच करते, फक्त तिथे कुलूप म्हणजे बाकीच्या सभासदांच्या नजरा.

जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरात २०५ जणांना दिवसातून अनेकदा विचारलं गेलं, की आत्ता कशाचा मोह होतोय, आवरताय का? संयमी म्हणून ज्यांचे गुण जास्त होते, ते मोहाशी अधिक लढताना दिसले नाहीत. त्यांच्यापुढे अडचणीचे मोह मुळात कमी येत होते.

बेडीला मर्यादाही आहेत. फिलिपिन्समध्ये एका बँकेने सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना असं खातं देऊ केलं: सहा महिने पैसे भरा, नंतर लघवीत निकोटीन सापडलं तर सगळी रक्कम दानधर्माला. ११ टक्क्यांनीच ते घेतलं. वर्षाने तपासलं, तेव्हा हे खातं ज्यांच्यापुढे ठेवलं होतं त्या गटात सिगारेट सुटलेले इतरांहून शंभरात सुमारे तीनने जास्त होते. फरक छोटा, पण खरा. सरसकट सक्तीने तो कदाचित मोठा झाला असता, पण मग तो संयम राहिला नसता, कायदा झाला असता.